शरयूवहिनींचं चलन

शरयूवहिनी पाणी पीत नसत, खात असत. भवानीपूरच्या त्या तीन मजली घरात आम्ही सामान उतरवलं त्या दुपारी त्या वरच्या मजल्यावरून तांब्या-भांडं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आधी थंड पाणी खा, मग ट्रंका मोज." मला वाटलं माझ्याच ऐकण्यात काहीतरी चुकलं. मग कळलं की त्यांचा जन्मच कलकत्त्यातला. वडील इथल्या एका कॉलेजात गणित शिकवायला आले आणि इथलेच झाले. वहिनींचं मराठी घरात शिकलेलं, बंगाली गल्लीत. बंगाली माणूस पाणी खातो, म्हणून त्याही खात. माझी मुक्ता तेव्हा पाच वर्षांची होती. तीही महिन्याभरात पाणी खायला लागली आणि पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे मी या शहरात आले होते. भाषा येत नव्हती, रस्ते कळत नव्हते. वहिनी मला बाजार दाखवायला घेऊन जात. भर जूनमध्ये घामाच्या धारा लागलेल्या असताना म्हणत, "ट्राम कशाला? चालत जाऊ, हवा चांगली आहे." मला त्यांच्या उत्साहाचं कौतुक वाटे. एकदा मी हट्टाने ट्रामला हात केला आणि दोघींची तिकिटं काढली, तेव्हा त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या आणि उतरेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. त्या हवेचं गुपित मला त्या दिवशी थोडंसं कळलं. पूर्ण कळायला वर्ष गेलं.

देवस्थळीसाहेब, म्हणजे त्यांचे यजमान, खिदिरपूरच्या गोदीत मोठ्या हुद्द्यावर होते. उंच, देखणे, बोलणं इतकं मऊ की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे. त्यांचा आवाज चढलेला मी कधीही ऐकला नाही. कलकत्त्यातल्या मराठी मंडळींत त्यांना देवमाणूस म्हणत. हा देवमाणूस रोज सकाळी ऑफिसला निघताना त्या दिवसाच्या भाजीचे पैसे मिठाच्या बरणीखाली ठेवून जाई आणि संध्याकाळी आल्यावर उरलेली चिल्लर त्याच टेबलावर हजर लागे. याखेरीज वहिनींच्या हातात काही नसे. दागिने बँकेत होते आणि गणितातल्या पदवीचा कागदसुद्धा साहेबांच्या कपाटात, कुलपात. काही मागितलं तर साहेब नाही म्हणत नसत. "बघू" म्हणत. नाही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

मुलगा शेखर सोळा वर्षांचा झाला तेव्हा त्याला पुण्याला आजी-आजोबांकडे शिकायला पाठवायचं साहेबांनीच ठरवलं. तो गेला आणि त्याच्या मागे माळ्यावर एक खोका राहिला. शहरं विकत घ्यायचा, भाडं वसूल करायचा तो व्यापाराचा खेळ. पट वाळवीने खाल्लेला, फासे हरवलेले, घरं नि हॉटेलं कुठेतरी सांडलेली. नोटा मात्र जशाच्या तशा होत्या. गुलाबी, पोपटी, पिवळ्या, आकाशी. पन्नासाच्या, शंभराच्या, पाचशेच्या, पाच हजारांच्या.

ते बंद-हरताळांचे दिवस होते. गल्लीत बाँब फुटत, भिंती रोज रात्रीतून घोषणांनी रंगत आणि शाळा आठवडेच्या आठवडे बंद राहत. घरातल्या मुलांना बाहेर सोडायची सोय नव्हती. वहिनींनी एका सकाळी आमच्या जिन्याच्या वळणावर पाट मांडला, त्यावर तो खोका ठेवला आणि दुकान उघडलं.

दुकानात वस्तू एकही नव्हती. वस्तू आणणार कुठून? वहिनी हक्क विकत. आज कारलं न खाण्याचा हक्क, पाचशे. तळमजल्यावरच्या माशिमांच्या, म्हणजे आमच्या घरमालकीणबाईंच्या, मांजराला दिवसभरासाठी नवं नाव ठेवण्याचा हक्क, दोनशे. दुर्गेची मिरवणूक जाताना वरच्या खिडकीत पहिल्या जागेवर उभं राहण्याचा हक्क, पाच हजार, आणि त्यासाठी मुलं महिनाभर आधीपासून साठवत. नोटा मिळवायच्या तर कामं करायची. मराठीचं एक पान न अडखळता वाचलं की शंभर. माशिमांच्या सुईत दोरा ओवून दिला की पन्नास. भांडण झाल्यावर आधी बोलायला गेलं तर हजार, कारण ते सगळ्यात अवघड. मुक्ता एकदा पोपटी नोट नाचवत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आई, मी कारलं विकत घेतलंय. म्हणजे न खाणं." मी डोळे वटारले. मागून वहिनी आल्याच. "सुधा, व्यवहार झालाय. पेढीची अब्रू आहे. आज तिला बटाटा दे, उद्या मी हिला कारल्याची गोडी लावते." आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच लावली, कारल्याच्या कापांना रांगोळीसारखं ताटात मांडून.

त्या नोटांनी वहिनी मुलांना अपूर्णांक शिकवत, व्याज शिकवत, उणे संख्या शिकवत. "तुझ्याकडे शंभर, खर्च दीडशे. आता तू शून्याच्या खाली उभा आहेस. कसं वाटतंय तिथे?" मुलं म्हणत, "थंड!" वहिनी हसत. त्यांचं हसणं मोठं होतं, तिसऱ्या मजल्यावरून तळापर्यंत ऐकू येई. साहेबांची गाडी दारात लागली की मात्र दुकान आवरलेलं असे.

आमच्या दुसऱ्या संक्रांतीला वहिनींनी हळदीकुंकू केलं. वाण काय द्यायचं, असा प्रश्न होता. साहेब "बघू" म्हणाले होते आणि संक्रांत उजाडली होती. वहिनींनी खेळातल्या नोटांच्या सुबक पुड्या वळल्या, आत घरी केलेला तीळगूळ भरला आणि प्रत्येक नोटेच्या कोऱ्या बाजूवर आपल्या वळणदार अक्षरात एकेक वचन लिहिलं. खऱ्या नोटेवर धारकाला रक्कम द्यायचं वचन असतं ना, तसंच. 'मी धारकास एका दिवसाच्या पोळ्या लाटून देण्याचे वचन देते.' 'मी धारकाचे मूल दोन तास सांभाळण्याचे वचन देते.' 'मी धारकाबरोबर कंटाळवाण्या पाहुण्यांसमोर बसण्याचे वचन देते.' खाली सही, शरयू देवस्थळी.

बायका हसून लोटपोट झाल्या. एकमेकींच्या नोटा वाचून बदलून घ्यायला लागल्या. मीही माझी पोळ्यांची देऊन मूल सांभाळायची घेतली. पण साहेबांच्याच खात्यातल्या एका अधिकाऱ्याची बायको होती. तिने आपली नोट दोन बोटांत धरून विचारलं, "काय हो, साहेबांचा पगार पुरत नाही वाटतं?" वहिनी म्हणाल्या, "पगार पुरतो की. वचनं कमी पडतात, म्हणून छापली."

ते वाक्य रात्रीच्या आत साहेबांपर्यंत पोचलं. ते चिडले नाहीत. वहिनींनीच मला सांगितलं, की जेवताना ते एवढंच म्हणाले, "शरयू, तुला हवं होतं तर तू मागायचंस." पुढल्या वर्षी साहेबांनी स्वतः बाजारात जाऊन स्टीलच्या वाट्या आणल्या आणि हळदीकुंकवाच्या वेळी दारात उभं राहून प्रत्येकीच्या हातात स्वतः दिल्या. बायका म्हणाल्या, नवरा असावा तर असा हौशी. वहिनी अत्तरदाणी घेऊन मागे उभ्या होत्या.

मी माझी नोट मात्र वटवली. मुक्ताला गोवर निघाला, त्याच वेळी मला ताप भरला आणि आमचे हे तपासणीसाठी आसनसोलला गेलेले. मी मुक्ताच्या उशाशी बसून ती नोट वर पाठवली. वहिनी आल्या त्या पाच दिवस राहिल्या, साहेबांचं जेवण वर करून परत खाली. मी म्हटलं, "वहिनी, वचन दोन तासांचं होतं." त्या म्हणाल्या, "माझ्या पेढीत घड्याळ नाही."

डिसेंबरात युद्ध सुरू झालं. सीमा जवळ, त्यामुळे संध्याकाळ झाली की सगळं शहर काळं. आम्ही खिडक्यांना काळे कागद लावले होते आणि भोंगा वाजला की सगळं घर तळमजल्यावर मित्रमाशिमांच्या मधल्या खोलीत जमे. माशिमांचं आडनाव मित्र, त्या साठीच्या विधवा. फाळणीत बारिसालहून इकडे आलेल्या. त्या अंधाराने त्यांना सगळ्यात जास्त घाबरवलं होतं. कोपऱ्यात बसून त्या नुसत्या हात चोळत.

दुसऱ्या की तिसऱ्या संध्याकाळी मुलं रडायला लागली, तेव्हा वहिनींनी कंदिलाची वात आणखी बारीक केली, प्रत्येकाच्या हातात अंदाजाने नोटांचं पुडकं दिलं आणि लाटण्याने पाट ठोकला. "लिलाव! आजचा माल उत्तम. पहिला नग, कोकणातल्या हापूसची एक पेटी, आत्ता, या क्षणी. बोला!" मराठीत म्हणायचं, लगेच बंगालीत म्हणायचं. आंबे मुक्ताने घेतले. मग सलग आठ तासांची झोप आली, ती मी सोडली नाही. मग माहेरचा एक दिवस आला आणि बायकांनी ओरडून खोली डोक्यावर घेतली.

सगळ्यात शेवटी माशिमा कोपऱ्यातून हळूच म्हणाल्या, "ओ बौमा, आमादेर पुकुरटा आछे?" सूनबाई, आमचं तळं आहे का तुझ्याकडे? बारिसालच्या त्यांच्या घरामागचं तळं. वहिनींनी लाटणं उचललं आणि एकदम गंभीर आवाजात तळं पुकारलं. पायऱ्या किती, काठाला झाडं कुठली, मासे कुठले, हे एकेक माशिमांनाच विचारत त्यांनी मालाचं वर्णन केलं. माशिमा बोलत होत्या, रडत होत्या. कुणीतरी गमतीने बोली वाढवायला तोंड उघडलं, तर वहिनींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तोंड मिटलं. "गेलं! मित्रमाशिमांना गेलं!"

तेवढ्यात देवस्थळीसाहेब आले. बॅटरीवर हात धरून, हसतमुख. कुणीतरी म्हणालं, "साहेब, या, तुम्हीही काहीतरी घ्या." साहेब खुर्चीवर टेकले आणि त्या मऊ आवाजात म्हणाले, "मी काय घेणार? दुकानदारीणच माझी आहे." सगळे हसले. बोलणं गोडच होतं, हसण्यासारखंच होतं. मी वहिनींच्या शेजारी होते म्हणून मला दिसलं, त्यांनी लाटणं खाली ठेवलं आणि पाटावरच्या नोटा गोळा करायला घेतल्या.

नंतर जिना चढताना मी विचारलं, "वहिनी, तुम्ही काय घेतलं असतं?"

"पुकारणाऱ्याला बोली लावता येत नाही, वेडे," त्या म्हणाल्या आणि वर गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात रायपूरहून तार आली. वहिनींची आई त्यांच्या भावाकडे होती. आई अत्यवस्थ, लगेच निघा. तार आली तेव्हा साहेब ऑफिसात होते. मी बाजारात गेले होते. वहिनींनी बरणीखालचे भाजीचे पैसे उचलले आणि बस धरून खिदिरपूर गाठलं.

साहेबांनी त्यांना उत्तम वागवलं. खुर्ची दिली, शिपायाकडून लिंबू सरबत मागवलं. हाताखालच्या माणसांना सांगितलं की सासूबाई आजारी आहेत, हिला फार लागलंय. मग म्हणाले, "रविवारी निघू. दिल्लीचे लोक तपासणीला आलेत. दोन दिवस इकडे-तिकडे, बघू." वहिनी म्हणाल्या, मी एकटी जाते, नुसतं तिकीट काढून द्या. साहेब म्हणाले, "एकटीला कसा पाठवीन? लोक काय म्हणतील मला?" आणि त्यांना गाडीने घरी पोचवलं. त्या दिवशी आणलेली भाजी नव्हती, म्हणून रात्री पिठलं झालं, तेही साहेबांनी मुकाट्याने खाल्लं.

यातलं तेव्हा मला काहीही माहीत नव्हतं. दोन-तीनदा वहिनी जिन्यात भेटल्या. नुसत्या हसल्या.

रविवार गेला, तपासणी लांबली. मंगळवारी दुसरी तार आली.

मग साहेबांनी काही कमी केलं नाही. भेटायला आलेल्यांसमोर त्यांचे डोळे भरून येत. रजा काढून वहिनींना ते रायपूरला घेऊन गेले, तेराव्याच्या जेवणाचा सगळा खर्च केला, मेव्हण्याला एक पैसा काढू दिला नाही. परत आल्यावर वहिनी माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसल्या आणि हे सगळं त्यांनी मला सलग सांगितलं, वाचून दाखवावं तसं. शेवटी म्हणाल्या, "सुधा, आई जिवंत असताना तिसऱ्या वर्गाचं तिकीट पुरलं असतं. तेराव्याला मला पहिल्या वर्गाने नेलं. गादी होती, पंखा होता. मी रात्रभर पंख्याकडे बघत होते."

मला राग आवरेना. "मला का नाही सांगितलंत? मी काय परकी होते? तिकिटापुरते माझ्याकडे घरात असतात."

"दिले असतेस. मला ठाऊक आहे." त्यांनी पदराने पाटाची कड पुसली. "मग तुझ्या यजमानांनी ह्यांच्याकडे विषय काढला असता किंवा नसता काढला. कसंही करून ह्यांना कळलं असतं. ह्यांनी हसत हसत तुझे पैसे परत केले असते आणि चारचौघांत म्हणाले असते, अगं, माझ्याकडे मागायचे होतेस ना! आणि मी मागितले होते गं. त्यांच्याकडेच मागितले होते."

मी चहा टाकला.

त्याच वर्षी साहेबांना बढती मिळाली. वीस-पंचवीस माणसांचं जेवण घरी ठरलं. मी सकाळपासून मदतीला वर होते. वहिनींनी वाटली डाळ, मसालेभात, श्रीखंड आणि बंगाली पाहुण्यांसाठी छेन्याचं पायस, म्हणजे खीर, असा घाट घातला होता. आई जाऊन चार महिने झाले होते. जेवणं झाली आणि एक ज्येष्ठ अधिकारी ढेकर देत म्हणाले, "देवस्थळी, या जेवणाला बक्षीस द्यायला हवं. वहिनींना काय देता, बोला!"

साहेब उठले. खिशातून शंभराची कोरी करकरीत नोट काढली, वहिनींना हाक मारून बाहेर बोलावलं आणि सगळ्यांसमोर त्यांच्या हातावर ठेवली. "घे. तुझ्या हौसेला. हिशेब विचारणार नाही." टाळ्या पडल्या. वहिनी आत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. त्यांनी ती नोट मला दाखवली, उजेडासमोर धरली, घडी घातली, उलगडली. त्या जिन्यावरच्या दुकानात लाखांची उलाढाल करणाऱ्या बाई, पण हा कागद हातात धरायचा कसा, हे त्यांना कळत नसल्यासारखं वाटलं. "मुक्ताला घेऊन जाऊ एस्प्लनेडला," त्या कुजबुजल्या. "ट्रामने. आणि मला एक पेन घ्यायचंय. शाईचं." मग त्यांनी नोट कमरेला खोचली आणि विड्यांचं तबक घेऊन बाहेर गेल्या.

पाहुणे पांगले. मी मोरीपाशी ताटं पुसत होते. साहेब स्वयंपाकघराच्या दारात आले. चांगल्या मनःस्थितीत होते. त्यांनी हात पुढे केला.

"ती नोट दे. कपाटात ठेवतो. तुझ्याकडून हरवेल कुठेतरी."

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. वहिनींनी कमरेची नोट काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. साहेब वळले, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो."

"काय?"

"बाहेर टाळ्या वाजवल्या त्या लोकांना माहीत आहे का, की आपला खेळ चालला होता म्हणून?"

"असं काय बोलतेस?" साहेबांना खरंच समजलं नाही. "पैसे तुझेच आहेत. घरातच आहेत ना?" आणि ते झोपायला गेले. वहिनींनी उरलेल्या श्रीखंडावर झाकण ठेवलं आणि मला म्हणाल्या, "जा तू आता. मुक्ता जागी असेल."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मुलं जिन्यावर जमली. वहिनी आल्या. पाट नव्हता. त्यांनी तो अख्खा खोका मुलांच्या मधे ठेवला. "घ्या. सगळं तुमचं. वाटून घ्या." मुलांना आधी विश्वासच बसेना. मग झुंबड उडाली, ओरबाडाओरबाडी झाली, एकेकाकडे पाच-पाच हजारांच्या गड्ड्या झाल्या. आणि अर्ध्या तासात सगळी कंटाळली. कारण त्या पैशांत घ्यायचं काय, हे सांगायला कुणी नव्हतं. दोन दिवस नोटा जिन्यात पायदळी येत होत्या. पाऊस झाला तेव्हा काही गुलाबी कागद गल्लीतल्या नाल्याच्या जाळीला चिकटले. मुक्ताने आपल्या नोटा उशीखाली ठेवल्या होत्या, त्याही एक दिवस तिनेच काढून टाकल्या. "काकू आता बोलतच नाहीत," ती म्हणाली.

माशिमांची नात झूमा गणितात नापास झाली होती. वहिनींनी तिला शिकवायला घेतलं आणि महिनाअखेरीला माशिमांनी फी पुढे केली तेव्हा नको म्हटलं नाही. झूमा पास झाली. तिच्या मैत्रिणी आल्या. मग मैत्रिणींच्या मैत्रिणी. वहिनी घरोघर जाऊन शिकवू लागल्या. साहेबांना कळलं तेव्हा मी धास्तावले होते. पण साहेब साहेबच होते. "छान," ते म्हणाले, "रिकामं बसण्यापेक्षा बरं." आणि पुढच्या एक तारखेपासून त्यांनी बरणीखाली काही ठेवायचं बंद केलं. भाजी नाही, दूध नाही, वाण्याचं नाही. विचारलं तर म्हणाले, "आता तू मिळवतेस ना?" जेवायला मात्र दोन्ही वेळ पाटावर बसत आणि आमटीत मीठ कमी असलं तर हळू आवाजात सांगत. मिळवतीचं कौतुकही करत. मंडळींत म्हणत, "मी हिला कधी अडवलं नाही."

चार शिकवण्यांच्या आठ झाल्या. आठांच्या बारा. विजेचे गोंधळ असत, कंदिलाच्या उजेडात शिकवून वहिनींच्या डोळ्यांना चष्मा लागला. पायांना सूज येई. गणित शिकवताना त्या हसवत नसत. झूमा त्यांना माशी, म्हणजे मावशी, म्हणे; ती मला म्हणाली, माशी फार कडक आहेत, चुकलं की वही भिरकावतात. मला खरं वाटेना. पण एकदा मुक्ताने वर जाऊन त्यांना चित्र दाखवलं तेव्हा त्यांनी ते न बघताच म्हटलं, "छान. आज वेळ नाही," आणि दार लावून घेतलं. मी मुक्ताची समजूत काढली. दार लावलं म्हणून मला त्यांचा राग आला नाही. राग ज्याचा यायला हवा तो माणूस त्या वेळी गॅलरीत वर्तमानपत्र वाचत बसला होता, आणि मला पाहून त्याने हसून मान लववली होती.

आमची नागपूरला बदली झाली. निरोप घ्यायला मी वर गेले तेव्हा वहिनी चपला घालत होत्या. आम्ही जिन्यातच भेटलो, जिन्यातच निरोप घेतला.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी एका लग्नासाठी मी कलकत्त्याला गेले. एस्प्लनेडला साड्यांच्या दुकानांसमोर त्या मला दिसल्या. मी हाक मारली नसती तर त्या तशाच पुढे गेल्या असत्या. केस बरेच पांढरे झाले होते. खांद्याला मोठी पिशवी, वह्यांनी फुगलेली. मला ओळखून त्या थांबल्या, माझा हात धरला आणि जवळच्या एका केबिनमध्ये, म्हणजे तिथल्या छोट्या हॉटेलात, चहाला घेऊन गेल्या. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलो. मी मुक्ताचं सांगितलं, घराचं सांगितलं. त्या ऐकत होत्या. मधेच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

"साहेब कसे आहेत?" मी विचारलं.

"निवृत्त झाले. पुण्याला आहेत शेखरजवळ. तिथे ब्लॉक घेतलाय. त्यांच्या आणि शेखरच्या नावावर." चहाचा घोट घेतला. "मला म्हणाले, चल. मी नाही गेले."

"का?"

"मार्च महिना होता. मुलींच्या परीक्षा होत्या."

मी हसले. मला वाटलं जुन्या वहिनी बोलल्या. त्या हसल्या नाहीत. खरंच ते कारण होतं, किंवा इतक्या वर्षांत खरं कारण शोधायला त्यांना वेळ झाला नव्हता. मी म्हटलं, "नागपूरला या ना माझ्याकडे. चार दिवस. नुसत्या झोपा."

"उन्हाळ्यात नव्या मुली येतात," त्या म्हणाल्या. "पूजेच्या सुट्टीत मागे पडलेल्या मुली येतात. नाताळात तर विचारूच नकोस." मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं माझ्याकडे बघून विचारलं, "माशिमा गेल्या, कळलं ना तुला? गेल्या सालच्या थंडीत. शेवटी कुणालाच ओळखत नव्हत्या."

चहाचे पैसे त्यांनी दिले. मी पुढे केलेला हात त्यांनी बाजूला सारला. बाहेर आलो तेव्हा दिवेलागण झाली होती, फुटपाथवरच्या विक्रेत्यांचा ओरडा चालला होता. बालीगंजला साडेसहाची शिकवणी आहे म्हणाल्या. ट्राम आली. त्या मागच्या डब्यात चढल्या, खिडकीशी जागा मिळाली. मी खाली उभी होते, हात हलवायला. पुढे कसलीतरी अडचण होती, ट्राम बराच वेळ निघेना. मी दोनदा हाक मारली. मग पाहिलं तर वहिनींचं डोकं खिडकीच्या गजाला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं होतं आणि चष्मा नाकावर घसरला होता. ट्राम निघाली तेव्हा त्यांना गाढ झोप लागलेली होती.